राव सारांचा ठिपका

राव सारांना प्लायवूडच्या टेबलाशी बसवत नसे. चेन्नईत पेरुंगुडीतल्या आमच्या ऑफिसात सगळीकडे एकसारखी पांढरी, गुळगुळीत टेबलं होती आणि त्यांच्या रांगेत, खिडकीपाशी, एक राखाडी पोलादी टेबल होतं. कुठल्याशा कचेरीच्या लिलावातून घेतलेलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला ते जिथे राहत त्या आवडी गावाहून टेम्पोत घालून त्यांनी स्वतः आणलेलं. त्याचा एक खण उघडत नसे आणि दुसरा बंद होत नसे. बसताना दर वेळी त्यांचा गुडघा त्या उघड्या खणावर आपटे आणि दर वेळी ते "अय्यो" म्हणत. ऑफिसचा मजला बदलला, माणसं बदलली, कंपनीचं नावही एकदा बदललं. टेबल राव सारांबरोबर हललं. कोणी कारण विचारलं तर म्हणत, "लोखंड बरं. त्याला पानं नव्हती."

सार म्हणजे सरच. चेन्नईत त्या शब्दाला थोडी ऐसपैस जागा लागते. आणि राव हे त्यांचं नाव, आडनाव की पदवी, हे ऑफिसात कोणालाच नक्की माहीत नव्हतं. तंजावरकडच्या मराठी घरांतले निम्मे पुरुष राव असतात, त्यातलेच हे एक.

आमचं काम नकाशांचं होतं. उपग्रहाने वरून टिपलेली चित्रं पडद्यावर घ्यायची आणि कुठे शेत, कुठे वस्ती, कुठे चहाचा मळा, कुठे जंगल, हे रेषा मारून आणि रंग भरून दाखवायचं. आधी संगणक आपला अंदाज करून टाकी, मग माणसांनी तो तपासायचा. जंगलाचा रंग जिथे जिथे भरला असेल तिथे शेवटची नजर राव सारांची. त्यांनी हो म्हटल्याशिवाय नकाशा ऑफिसबाहेर जात नसे. त्यामुळे नकाशे वेळेवर बाहेर जात नसत, हे ओघानं आलंच.

मी जालन्याहून आले होते. हातात भूगोलाची पदवी, नकाशांचा एक कोर्स, आणि तमिळचा एक शब्द येत नाही. वेलचेरीत आणखी तिघींबरोबर फ्लॅट. सकाळी शेअर ऑटोत अंग चोरून बसायचं, दिवसभर पडदा, संध्याकाळी पुन्हा शेअर ऑटो. महिना होत आला तेव्हा मी परत जायचं ठरवून टाकलं होतं. एके दुपारी कँटीनच्या कोपऱ्यात उभी राहून मी आईला तेच सांगत होते, जरा रडवेली होऊन. फोन ठेवला तर समोर ताकाचा पेला हातात घेऊन हे उभे. कपाळावर गंधाची बारीक रेघ, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत रबरी चपला.

"तूं मराठी-आ?" त्यांनी विचारलं.

तो शेवटचा लांबवलेला 'आ' म्हणजे तमिळमधलं प्रश्नचिन्ह, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला वाटलं, हे तमिळच बोलताहेत आणि मला मराठीचा भास होतोय.

"मीहि मराठी," ते म्हणाले. "आम्ही तंजावूरचे. माझे आजे, पणजे, त्यांचेहि पणजे, सगळे तेथलेच. महाराष्ट्र मी बघितलों नाही. पडद्यावर बघितलों, तेवढाच. तुझा गांव कोठें?"

"जालना."

त्यांनी डोळे मिटले. "जालना. झाडी विरळ. बाभळ पुष्कळ. मध्यें एक नदी, उन्हाळ्यांत नुसती वाळू. सरि? बरोबर-आ?"

मी महिन्याभरात पहिल्यांदा हसले. ज्या माणसाने माझं गाव कधी पाहिलं नव्हतं, त्याने ते फक्त वरून पाहून इतकं बिनचूक सांगितलं होतं. आणि सांगितलं होतं ते मराठीत. कुठल्यातरी जुन्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या, तमिळच्या हेलकाव्यावर चालणाऱ्या मराठीत.

"परत जातें म्हणून आईला सांगत होतीस," ते म्हणाले. "जा की. कोण नको म्हणतो? पण आधीं एकदां जंगल बघ. मग जा."

"चेन्नईत कुठलं जंगल, सार?"

"माझ्या टेबलावर," असं म्हणून ते ताक घेऊन चालू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर खरोखरच एक फ्लॉवरचा गड्डा, कोथिंबिरीची जुडी आणि मोठ्या दातांचा एक कंगवा मांडलेला होता. मला आणि आणखी एका नवीन मुलाला त्यांनी समोर उभं केलं. पडद्यावर पश्चिम घाटाचा एक तुकडा उघडला होता, हिरवागार.

"यांत जंगल कोणतं?"

"सगळंच," तो मुलगा म्हणाला.

राव सारांनी फ्लॉवर उचलून त्याच्या नाकासमोर धरला. "हें बघ. एक गोळा मोठा, एक बारका, एक वर आलेला, एक दबलेला. खरं जंगल वरून असं दिसतं. तेथें शंभर जातींची झाडं, प्रत्येकाची उंची वेगळी." मग कंगवा उचलला. "हा रबराचा मळा. निलगिरीचाहि असाच. ओळींत उभीं राहिलेलीं शाळेंतलीं मुलं. आणि चहा ही कोथिंबीर, वरून कातरलेली. सगळं हिरवं. पण हिरवं दिसलं म्हणून जंगल म्हणूं नका. तुमचा संगणक म्हणतो. तो बिचारा बाजारांत गेला नाही."

दुपारी त्यांना घरून फोन आला. फोनमधला आवाज आम्हालाही ऐकू येत होता. राव सार खालच्या सुरात म्हणत होते, "आणतों, आणतों, आख्खा आहे. शिकवायला घेतलों होतों." मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सकाळपासून फ्लॉवर शोधत होत्या. संध्याकाळी तो गड्डा पुन्हा पिशवीत बसून पेरुंगुडी स्टेशनवरून पार्क टाऊनला आणि तिथून लोकलने आवडीला गेला.

मी परत गेले नाही. फ्लॉवरमुळे राहिले असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण त्या दिवशी संध्याकाळी मी आईला फोन केला तेव्हा जाण्याचा विषय काढायचा राहूनच गेला.

राव सार पडद्याशी बोलत. एखाद्या झाडाचा घेर अनोळखी दिसला की नाक पडद्याला टेकेपर्यंत पुढे वाकत आणि हळू आवाजात विचारत, "कोण रे तूं?" उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नसत. जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना करताना जिथे आधी फ्लॉवर होता तिथे तांबडी माती दिसली, की चष्मा काढून ठेवत, उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहत. खिडकीतून पाणथळ दिसे, त्यात उभे बगळे आणि पलीकडे कचऱ्याच्या डोंगरावरचा धूर. तिथून ते परत येईपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलत नसे. हा नियम कोणी केला नव्हता.

ते नेहमीच बरोबर असत असंही नाही. एकदा पायथ्याकडचा एक दाट तुकडा त्यांनी जुन्या जंगलाचा अवशेष म्हणून धरला आणि त्यासाठी सगळ्यांशी वाद घातला. शेवटी कोणीतरी त्या गावात फोन लावला. ती एका निवृत्त हेडमास्तरांची बाग निघाली. फणस, आंबा, लवंग, जायफळ, जे सुचेल ते त्या गृहस्थांनी लावलं होतं. राव सार इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मामींनी केलेल्या सुरळी पोळ्यांचा डबा घेऊन ते टेबलाटेबलाशी फिरले. "मी हरलों. सगळ्यांनी खा. त्या मास्तरला माझा नमस्कार कळवा, त्यानें जंगलाची नक्कल चांगली केली."

बाहेर मात्र त्यांना बरोबर नेणं जोखमीचं असे. आमच्या मॅनेजरांनी नवीन फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्यांना वास्तुशांतीला बोलावलं. मॅनेजर म्हणजे पन्नाशीकडे झुकलेला, नीटनेटका, घाईत असलेला तमिळ माणूस. वाईट नव्हता, फक्त सतत कोणाची तरी मुदत पाळत असायचा. राव सार देवाच्या पाया पडले, पानसुपारी घेतली आणि भिंतभर पसरलेल्या कपाटापाशी थांबले. बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली. कान लावला.

"मेरांटी," ते म्हणाले. "बोर्नियो नाही तर सुमात्रा. शंभर हात उंच वाढतें. याच्या खांद्यावर ऑर्किडं होतीं, मॅडम. वर माकडं झोपत."

मॅनेजरांच्या पत्नीच्या हातात केसरीचं, म्हणजे तिकडच्या शिऱ्याचं, ताट होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी कपाटाकडे वर पाहिलं, जणू वर अजून कोणी झोपलेलं असेल. मी राव सारांना दंडाला धरून जेवायच्या पंगतीकडे नेलं. परत येताना मी म्हटलं, "सार, लोकांच्या घरी असं बोलतात का?"

"वाईट बोललों-आ?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मी तर त्या झाडाची ओळख करून दिलों. एका घरांत राहणार दोघें."

एका वर्षी पावसात वेलचेरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये गुडघ्याएवढं पाणी शिरलं. बाकीच्या तिघी आपापल्या नातेवाइकांकडे गेल्या. मला नातेवाईक नव्हते. पाणी जरा ओसरलं तसे राव सार धोतर खोचून, रबरी चपला हातात घेऊन आमच्या जिन्याशी हजर झाले. "मामी म्हणाली, घेऊन ये. बॅग कोठें?" आवडीच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये मी चांगली आठवडाभर राहिले. मामी एका सरकारी कारखान्याच्या कार्यालयात होत्या. त्या सकाळी डांगर पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, आणि भात करून कामावर जात, आणि मला बजावून जात की यांना टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्या बघू देऊ नकोस, भांडतात.

तिथेच एका दुपारी, बाहेर पाऊस कोसळत असताना, त्यांनी मला विचारलं, "जंगल पाऊस पाडतें म्हणून शाळेंत शिकलीस-आ?"

"हो."

"तें खरं. पण पडलेल्या पावसाला बसायला जागा कोण देतो, तें कोणी शिकवत नाही. वर पानांत थोडा बसतो, खाली पाचोळ्यांत बसतो, मुळांत बसतो. मग सावकाश, महिने महिने, ओढ्यांत उतरतो. जंगल काढलं तर त्याला बसायला कोठें? पडतो आणि पळतो. पळतांना माती घेऊन पळतो. मग उन्हाळ्यांत तेच लोक घागर घेऊन रांगेंत." त्यांनी खिडकीबाहेर, रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याकडे बोट केलं. "येथेंहि तसंच. पावसाला आम्ही उभाच ठेवलों."

आता त्या ठिपक्याचं सांगते.

पश्चिम घाटात वालपारैच्या वरच्या अंगाला चहाचे मळे आहेत, डोंगरच्या डोंगर. त्यातल्या एका मळ्याच्या नकाशाचं काम आमच्याकडे आलं. कुठे तोड करून नवी लागवड करता येईल ते त्या नकाशावरून ठरणार होतं. सगळीकडे कोथिंबिरीसारखा कातरलेला चहा, आणि मधे, एका घळीत, गर्द हिरवा ठिपका. संगणकाने त्याला रंग दिला होता 'जुनी कॉफी' असा. मोठ्या झाडांच्या सावलीत पूर्वी कॉफी लावत, मग कॉफी जाते आणि झाडं उरतात, त्यातला प्रकार. जुनी कॉफी म्हणजे मळ्याची लागवड. लागवड म्हणजे तोडायला मोकळी.

राव सार त्या ठिपक्याशी बोलत बसले. एक दिवस, दोन दिवस. मग म्हणाले, "ही कॉफी नव्हे."

मॅनेजर आले. "राव सार, सोमवारी द्यायचंय. एवढासा ठिपका आहे."

"एवढासा आहे म्हणूनच. मोठा असता तर त्याला माझी गरज नव्हती."

"पुरावा काय? मागे हेडमास्तरांची बाग झाली होती, आठवतंय ना?"

मला वाटलं, राव सार चिडतील. ते म्हणाले, "बरोबर. म्हणून जाऊन बघूंया. शनिवार, रविवार. तुम्हीहि या."

मॅनेजरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. त्यांची सासुरवाडी पोळ्ळाचीला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी होती, आणि त्या शनिवारी त्यांना तिथे जायचंच होतं. राव सारांना हे माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

असे आम्ही तिघं गेलो. पोळ्ळाचीहून बस वळणं घेत घेत चढली. मळ्याच्या कामगारांच्या वस्तीपाशी आम्ही उतरलो तेव्हा नुकती सर येऊन गेली होती. दोन्ही बाजूंनी चहाच्या उतारांवरून लालसर पाणी वाहत होतं, चहाला दूध घातल्यासारखं गढूळ. मॅनेजर सासुरवाडीहून घालून आले होते ते पांढरे बूट पाहून राव सार म्हणाले, "जळवा आहेत. मोज्यांत तंबाखू भरा." मॅनेजर म्हणाले, "मी ठीक आहे."

चहा संपला आणि आम्ही आत पाऊल टाकलं.

मी जालन्याची. जंगल म्हणजे माझ्या मनात काटे, ऊन आणि दूरपर्यंत दिसणारी उजाड टेकडी. इथे आत शिरल्याबरोबर ऊन गेलं आणि अंगाला गारवा लागला, तळघरात उतरावं तसा. बाहेर पाऊस थांबून बराच वेळ झाला होता, आत तो अजून पडत होता. वरच्या पानावरून खालच्या पानावर, त्यावरून नेच्यावर, नेच्यावरून माझ्या मानेवर. पायाखालची जमीन दाबली की दबायची आणि पाऊल उचललं की पुन्हा वर यायची. खोडांची मुळं भिंतींसारखी बाहेर पसरलेली, माझ्या खांद्याइतकी उंच. आणि कुठेतरी वर, दिसत नव्हतं तिथून, जड पंखांचा आवाज गेला, कोणी मोठी सतरंजी झटकावी तसा.

"धनेश," राव सार कुजबुजले.

मॅनेजर वर मोठमोठ्या झाडांकडे बघत होते. "पण सार, कॉफीच्या मळ्यातही अशी मोठी झाडं असतात."

"असतात. वर बघूं नका. खाली बघा." राव सार गुडघ्यांवर बसले, मग चक्क चारी हातापायांवर, आणि पाचोळा बाजूला करू लागले. "मळ्यांत सावलीसाठीं मोठीं झाडं ठेवतात, खालचं सगळं साफ करतात. तेथें म्हातारीं असतात, लेकरं नसतात. येथें बघा." त्यांनी एक हातभर रोप दाखवलं, मग त्याच पानाचं गुडघ्याएवढं, मग माणसाएवढं, मग हात वर करून त्याच जातीचा तो प्रचंड बुंधा. "हा वेडिपला. आजा, बाप, मुलगा, नातू. घर भरलेलं आहे. आणि कॉफीचं एक झुडूप दाखवा मला."

आम्ही शोधलं. मॅनेजरांनी अगदी मनापासून शोधलं. एकही सापडलं नाही.

त्या वेडिपल्याच्या खोडाला हात लावून राव सार उभे होते. त्यांचा आवाज एकदम बदलला. मला म्हणाले, मराठीत, म्हणजे ते फक्त मला सांगत होते, "पंचविशींत मी प्लायवूडच्या कारखान्यांत होतों. पलीकडच्या डोंगरांत. हेंच झाड यायचं, लॉरीवर एक मावेल एवढं. मशीनवर फिरवीत आणि सोलीत. कागदासारखं निघायचं, लांब, ओलं. त्याचीं खोकीं करीत. कशाचीं ठाऊक? चहा भरायचीं. चहा लावायला जंगल काढलं, आणि त्या चहाला खोकीं हवींत म्हणून उरलेलं काढलं. मी त्यावर शिक्का मारीत होतों, पहिला दर्जा, दुसरा दर्जा. कारखान्याच्या मागें एक ओढा होता. आम्ही त्यांत आंघोळ करीत होतों. एका उन्हाळ्यांत तो बंद झाला. पाऊस नेहमीएवढाच पडला होता. मी वर चढून बघायला गेलों, तर वर कांहीं नव्हतं. मग मी नोकरी सोडलों."

पोलादी टेबलाचं कारण मला असं कळलं. मी त्यांच्या पाठीवरची एक जळू काढली.

जंगलाच्या खालच्या कडेला ओढा बाहेर पडत होता. बाहेरच्या लाल पाण्याशेजारी त्याचं पाणी काचेसारखं होतं. तिथे मळ्यात पानं खुडणारी एक बाई घागर भरत होती, साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल. तिने आमच्याकडे, मॅनेजरांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे आणि रक्ताने लाल झालेल्या त्यांच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं.

"मोजायला आलात?" तिने तमिळमध्ये विचारलं. तोवर मला तेवढं तमिळ समजू लागलं होतं.

"हो, अम्मा," मॅनेजर म्हणाले.

"तोडणार असाल तर आधी सांगा. बाकीचे ओढे उन्हाळा लागला की बंद होतात, हाच तेवढा चालतो. आम्हाला दुसरीकडे पाणी बघायला लागेल." ती रागावली नव्हती. पाहुणे जेवायला थांबणार का, हे विचारावं तसं तिने विचारलं होतं.

मॅनेजर म्हणाले, "थोडं पाणी देता का? प्यायला."

तिने घागर कलती केली. ते ओंजळीने पाणी प्यायले, पुन्हा एकदा प्यायले, आणि मग एका दगडावर बसून बुटांतून जळवा काढू लागले. राव सार त्यांच्याशेजारी बसले आणि कमरेची तंबाखूची पुडी पुढे केली.

सोमवारी नकाशा गेला. ठिपक्याला रंग होता जंगलाचा. मळेवाल्यांकडून फोन आला तेव्हा मी मॅनेजरांच्या टेबलाशेजारीच उभी होते. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. मॅनेजर शेवटी म्हणाले, "नाही, चूक नाहीये. मी स्वतः आत जाऊन आलोय. तुम्हाला हवं तर जळवांच्या खुणा दाखवतो."

त्या लोकांनी पुढचं काम आम्हाला दिलं नाही. वरच्या साहेबांनी राव सारांना जंगलावरून काढून रस्त्यांच्या नकाशांवर बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते महामार्गांच्या रेषा मारत राहिले. मी त्यांच्यासाठी चिडले, भांडायलाही निघाले होते. त्यांनी मला अडवलं. "रस्ता कोठें जातो, तें मला बघूं दे. कोणीतरी बघायला पाहिजे. जंगल आतां तूं बघ." आणि खरंच त्या दिवसापासून जंगलाची शेवटची नजर माझी झाली. सगळे ठिपके काही वाचले नाहीत. कितीतरी माझ्या डोळ्यांदेखत तांबडे झाले, आणि तेव्हा मलाही खिडकीपाशी जाऊन उभं राहावं लागलं. पण कुठला ठिपका गेला हे तरी मला कळलं. त्यांनी शिकवलं नसतं तर मी हिरव्यावर हिरवा रंग भरत राहिले असते आणि पगार घेऊन घरी गेले असते. आज माझ्याकडे जे काम आहे, जी भाषा आहे, पावसात उभी राहिले की तो कुठे जाऊन बसणार हे शोधायची जी सवय आहे, ते सगळं त्या माणसाने दिलेलं आहे. ते मी त्यांना कधी नीट सांगू शकले नाही. सांगायला गेलं की ते विषय बदलत.

गेल्या महिन्यात आवडीला गेले होते. मामी निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून दोघं तिथेच जवळ एका लहान फ्लॅटमध्ये राहतात. राव सारांची नजर आता अधू झाली आहे. कडेचं थोडं दिसतं, समोरचं दिसत नाही. मी त्या मळ्याचं नवीन चित्र लॅपटॉपवर नेलं होतं. ते पडद्याकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "वाच."

मी वाचू लागले. वरच्या बाजूला चहा, सार. मग रस्ता. मग घळ. फ्लॉवर आहे, तसाच आहे. पूर्वेला थोडा वाढलाय, कडेच्या चहात मळ्याने तिथलीच झाडं लावलीत, अजून बारकी आहेत. वस्तीची छपरं दिसताहेत, दोन-चार निळी नवीन आहेत.

ते मान हलवत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "ओढा?"

मी चित्र मोठं केलं. इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं.

"दिसत नाही, सार."

स्वयंपाकघरात मामींच्या तव्यावर दोशाचं पीठ पडल्याचा आवाज झाला. राव सारांनी मान माझ्याकडे वळवली. "कां? कां दिसत नाही?"

"झाडं दोन्ही काठांवरून मिळाली आहेत," मी म्हणाले. "वरून पूर्ण झाकलाय."

स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी मोठ्यांदा हाक मारली.

"अगो, हिला आणखी एक दोसा घाल. तूप घालून."